संयोजी ऊती आणि डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर



विज्ञानात ऊती शिकताना तुम्ही चार प्रकार पाठ करता : अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती आणि चेता ऊती. परीक्षेत तक्ता येतो, मार्क मिळतात, विषय संपतो. स्नायू ताकद देतात हे लक्षात राहतं. चेता निरोप नेतात हेही राहतं. संयोजी ऊती मात्र 'जोडणारी' या एका शब्दावर सोडून दिली जाते. म्हणून आज तक्ता थोडा बाजूला ठेवू आणि एका डॉक्टरांचं चरित्र वाचू. ज्या बाईचं बाळ दर वेळी पाचव्या-सहाव्या महिन्यात हातचं जायचं, तिच्यासाठी या डॉक्टरांनी संयोजी ऊतीची एक पट्टी वापरून शस्त्रक्रिया शोधली. आज जगभर ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. त्यांचं नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला

महाडहून सुटलेली गोव्याची गाडी पोलादपूर मागे टाकते, कशेडी ओलांडते आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग पार करत गोव्यात शिरते. आपल्या दारावरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, शिरोडा नावाचं गाव आहे. वेंगुर्ल्याजवळचं शिरोडा वेगळं बरं का! तिथं १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. आपलं आजचं शिरोडा गोव्यातलं. तिथं २७ एप्रिल १८९९ रोजी विठ्ठल यांचा जन्म झाला. आडनावही गावावरूनच आलेलं.

त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. पुढे विठ्ठल मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज जे. जे. रुग्णालयाला जोडलेलं, देशातल्या सर्वांत जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक. डॉक्टर झाल्यावर त्यांनी प्रसूती आणि स्त्रीरोग हा विषय निवडला आणि १९२७ मध्ये एम. डी. झाले. मग इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये शस्त्रक्रियेतली एफ. आर. सी. एस. ही पदवी मिळवली. तिथून परत मुंबईला आले, रुग्णालयात काम करू लागले आणि ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजात प्राध्यापक म्हणून शिकवूही लागले.

त्या बायकांचं दुःख

आता त्या काळातल्या एका घराचा विचार करा. सून पहिल्यांदा गरोदर राहते. पहिले तीन महिने नीट जातात. ओकाऱ्या थांबतात, पोट दिसू लागतं, बाळाची हालचाल कळू लागते. आणि पाचव्या महिन्यात, विशेष कळा न येताच, बाळ बाहेर येतं. एवढंसं बाळ जगत नाही. वर्षभरानं पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच.

घरात काय बोललं जायचं, तुम्हाला सांगायला नको. हिच्या अंगात उष्णता आहे. हिला बाहेरची बाधा आहे. हिचा पायगुण वाईट. जड उचललं असेल, उंबरठ्यावर बसली असेल, नाही तर कुणाची नजर लागली असेल. कुणी अंगारा आणायचं, कुणी नवस बोलायचं. कधी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू व्हायची. जिचं बाळ गेलं, गुन्हेगारही तीच.

डॉक्टरांकडेही ठोस उत्तर नव्हतं. पूर्ण विश्रांती घ्या, अंथरुणातून उठू नका, एवढंच बहुधा सांगितलं जायचं. पण काही बायका महिनोन् महिने पडून राहूनसुद्धा त्यांचं बाळ जायचंच.

शिरोडकरांनी अशा बायका तपासल्या आणि एका गोष्टीवर लक्ष केंद्रित केलं. बाळात दोष नाही. गर्भाशय बाळाला वाढवतंय. मग चुकतंय कुठं? चुकत होतं ते गर्भाशयाच्या तोंडाशी, म्हणजे गर्भाशयमुखाशी. आपल्याकडे बोलताना याला 'पिशवीचं तोंड' म्हणतात. नऊ महिने घट्ट मिटून राहायला हवं असं हे तोंड, बाळाचं वजन वाढू लागताच हळूहळू उघडत होतं.

आता थोडं पुस्तकात जाऊ

हे तोंड मिटून कशामुळे राहतं? स्नायूमुळे, असं उत्तर बहुतेक जण देतील. गर्भाशयाचा वरचा भाग स्नायूंचाच असतो हे खरं. पण गर्भाशयमुखात स्नायू कमी असतात. तो भाग मुख्यतः तंतुमय संयोजी ऊतीचा बनलेला आहे. इथं आपल्याला आपला तक्ता पुन्हा उघडायला हवा.

अभिस्तर ऊतीच्या पेशी एकमेकींना चिकटून बसतात, फरशी बसवावी तशा. संयोजी ऊतीचं तसं नाही. इथं पेशी कमी आणि विरळ असतात. पेशींच्या मधली जागा आधारद्रव्यानं भरलेली असते आणि त्यात तंतू असतात. हे आधारद्रव्य कसं आहे, त्यावर ऊतीचा प्रकार ठरतो.

* आधारद्रव्य द्रव असेल तर ते रक्त आणि लसिका.
* क्षारांमुळे कठीण झालेलं असेल तर अस्थी, म्हणजे हाड.
* घट्ट पण लवचीक असेल तर कास्थी. नाकाचा शेंडा, कानाचा वरचा भाग हलवून बघा.
* पेशींमध्ये मेद साठलेला असेल तर चरबीयुक्त ऊती.
* त्वचेखाली आणि अवयवांच्या मधे भरण घालणारी ती विरल ऊती.
* तंतू दाटीनं, एकाच दिशेनं लागले असतील तर स्नायुरज्जू आणि अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडतो तो स्नायुरज्जू. हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध.

रायगडाच्या सुमारे दीड हजार पायऱ्या चढून उतरलात की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात, ते स्नायू. पण टाचेच्या मागे दोन बोटांत धरता येणारी जी जाड दोरी लागते, ती स्नायुरज्जू. प्रत्येक पायरीला तुमचं सगळं वजन ती पेलते. बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्या धैर्याचं कौतुक करताना तिच्या घोट्यातल्या आणि गुडघ्यातल्या अस्थिबंधांचंही थोडं कौतुक करायला हरकत नाही!

संयोजी ऊतीतले तंतू मुख्यतः दोन प्रथिनांचे असतात. इलॅस्टिनचा तंतू रबरासारखा ताणतो आणि मूळ जागी येतो. कोलॅजेनचा तंतू फारसा ताणतच नाही, धरून ठेवतो. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश भाग एकट्या कोलॅजेनचा असतो. हे तंतू बनवणाऱ्या पेशींना तंतुजनक पेशी म्हणतात, आणि पक्कं कोलॅजेन बनवायला त्यांना क जीवनसत्त्व लागतं. म्हणूनच ते कमी पडलं की हिरड्या सुजतात, रक्त येतं, जखमा भरत नाहीत. आवळा खायला सांगतात त्याचं एक कारण हे.

गर्भाशयमुख हे अशाच कोलॅजेनच्या जाळ्यामुळे घट्ट असतं. बाळंतपण जवळ आलं की शरीर स्वतःच हे जाळं सैल करतं, तोंड मऊ पडतं आणि उघडतं. पण काही बायकांत हा भाग जन्मतःच दुबळा असतो. काहींत आधीच्या अवघड बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत त्याला इजा झालेली असते. अशा वेळी पिशवीचं तोंड वेळेआधीच हार मानतं. सगळं खापर ज्या बाईच्या नशिबावर फोडलं जात होतं, तिच्या शरीरातली दोन-तीन सेंटिमीटर संयोजी ऊती कमी पडत होती, एवढंच!

ऊतीला ऊतीनंच बांधलं

दोष कळला. उपाय काय? पोतं भरल्यावर आपण तोंड बांधतो तसं पिशवीचं तोंड बांधायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण बांधायचं कशानं? बाजारातून भाजीची जड पिशवी आणताना बारीक सुतळीचा बंद असेल तर तो बोटांत रुततो, रुंद पट्टा असेल तर रुतत नाही. तसंच इथंही. बारीक धागा नाजूक भागाला कापत जाण्याची भीती. शिवाय परकी वस्तू शरीरात महिनोन् महिने ठेवायची म्हणजे जंतुसंसर्गाचीही धास्ती.

शिरोडकरांनी पट्टी घेतली ती त्याच बाईच्या शरीरातून. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, त्वचा आणि चरबी यांच्याखाली, स्नायूंना वेढणारं एक पांढरं, चकचकीत, चिवट आवरण असतं. तुमच्या घरी कोंबडीची तंगडी साफ करताना मांसावरचा पातळ पांढरा पापुद्रा सुरीला लवकर दाद देत नाही, पाहिलंय ना? तो याचाच भाऊबंद. हे आवरण म्हणजे दाट तंतुमय संयोजी ऊती. शस्त्रक्रियेत इतर ठिकाणी आधारासाठी ते वापरण्याची पद्धत आधीपासून होती. त्यातून एक अरुंद पट्टी काढली तरी मांडीचं फारसं बिघडत नाही.

ही पट्टी त्यांनी गर्भाशयमुखाभोवती फिरवली. तीही वरवर नाही. बाहेरचं नाजूक अस्तर थोडं उघडून, मूत्राशय जपून वर सरकवून, आतल्या तोंडाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ. कारण बाळाचा भार पहिल्यांदा तिथंच येतो. पट्टी आवळून पक्की केली आणि अस्तर पुन्हा शिवून टाकलं. जिथली संयोजी ऊती दुबळी होती, तिथं त्याच शरीरातली मजबूत संयोजी ऊती आधाराला आली.

१९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत 'अँटिसेप्टिक' या भारतीय वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. ती जगभर पोचली आणि युरोप-अमेरिकेतले डॉक्टर तिला 'शिरोडकर टाका' म्हणू लागले. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे डॉ. इयन मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपा टाका मांडला. बटव्याचं तोंड नाडी ओवून आवळावं, तसा. पुढे शिरोडकर टाक्यातही मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची चपटी फीत वापरली जाऊ लागली, म्हणजे मांडीवर वेगळा छेद घ्यायला नको. फीत बदलली, कल्पना तीच राहिली. आज बहुधा तिसरा महिना संपल्यावर टाका घालतात आणि दिवस भरत आले की काढतात. 'पिशवीला टाका घातलाय' हे वाक्य तुम्ही घरात कधीतरी ऐकलंच असेल. त्यामागची गोष्ट ही अशी.

त्याच वर्षांत, मद्रासमध्ये

आता एक गंमत बघा. मुंबईत शिरोडकर या पट्टीनं गर्भाशयमुख बांधत होते, त्याच सुमारास मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन नावाचे तिशीतले शास्त्रज्ञ ही पट्टी इतकी चिवट का, याच प्रश्नाच्या मुळाशी जात होते. क्ष-किरणांच्या साहाय्यानं त्यांनी आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजेनच्या रेणूची रचना शोधली आणि १९५४-५५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडली.

ही रचना आपल्या कोकणात समजावायला अगदी सोपी. काथ्याचा सुंभ कसा वळतात? एकेका पेडाला आधी पीळ द्यायचा, मग ते पेड एकमेकांभोवती वळायचे. कोलॅजेनमध्येही प्रथिनाच्या तीन साखळ्या असतात. प्रत्येक साखळीला स्वतःचा पीळ आणि तिन्ही मिळून पुन्हा एक पीळ. साखळीतलं प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं. ते सर्वांत लहान, म्हणून दोराच्या गाभ्यातल्या अरुंद जागेत तेवढंच मावतं. असे असंख्य दोर शेजारी शेजारी लागले की तंतू होतो, तंतूंचे जुडगे झाले की स्नायुरज्जू किंवा मांडीवरचं ते आवरण तयार होतं. रायगडाच्या रोपवेचा पोलादी दोर जवळून बघा, तोही तारांच्या पेडांना पीळ देऊनच केलेला आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. कोलॅजेनची सगळी ताकद या पिळातच आहे.

शिरोडकरांच्या आणि रामचंद्रन यांच्या कामाची सांगड आज आपण घालतो आहोत. एकानं दोर वापरला, दुसऱ्यानं दोराची वीण उलगडली.

आपल्या डोंगरातल्या आया

शिरोडकरांचं काम एवढ्यावर थांबलं नाही. बंद पडलेल्या बीजवाहिन्या मोकळ्या करण्यावर त्यांनी काम केलं. खाली घसरलेलं गर्भाशय पुन्हा वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी बसवली, तीही त्यांच्या नावानं शिकवली जाते.

या दुसऱ्या दुखण्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडे बायका त्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात, तेही दबक्या आवाजात. गर्भाशय ओटीपोटात अस्थिबंध आणि तंतुमय आवरणांच्या आधारानं जागेवर राहतं, खालून स्नायू त्याला पेलतात. अनेक बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच अंगावर पडणारी जड कामं, वाढतं वय, यांनी हा आधार सैल होतो. महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या तुम्ही पाहिल्या आहेत. पावसाळ्यात इथं सावित्री दुथडी भरून वाहते आणि मार्च-एप्रिल उजाडला की वरच्या वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. पाण्याचे हंडे, लाकडांच्या मोळ्या, भाताचे भारे कुणाच्या डोक्यावर असतात? बहुतेक बाईच्याच. दीड-दोन महिन्यांची बाळंतीणसुद्धा हंडा उचलताना दिसते.

ताणलेला स्नायू विश्रांतीनं सावरतो. दाट तंतुमय संयोजी ऊतीला मात्र रक्तपुरवठा कमी, म्हणून ती हळू भरते. पायाचा अस्थिबंध दुखावला तर डॉक्टर आठवडेच्या आठवडे जपायला सांगतात. बाळंतिणीच्या शरीरातले बंध तर नुकतेच एवढे मोठे काम करून सैल झालेले असतात. तेव्हा मुलांनो, घरात बाळंतीण असेल तर हंडा तुम्ही उचला. हे उपकार म्हणून करू नका, विज्ञानाचा धडा समजला म्हणून करा. आणि मुलींनो, आई, काकी, आजी असं काही दुखणं लपवत असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. प्रत्येक गर्भपात पिशवीच्या तोंडामुळे होत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, तिथं टाक्याचा उपयोग नसतो. टाका कुणाला घालायचा हे तपासणी आणि सोनोग्राफी करून डॉक्टर ठरवतात. पण कारण कोणतंही असो, बाळ गेलेल्या आईला दोष देण्याजोगं त्यात काही सापडत नाही.

अखेरची वर्षं

भारत सरकारनं १९६० मध्ये शिरोडकरांना पद्मभूषण दिलं आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचं निधन झालं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं उलटली. शस्त्रक्रियेची साधनं बदलली, सोनोग्राफी आली, धागे बदलले. तरी जगातल्या कुठल्याही देशात स्त्रीरोगतज्ज्ञ होऊ पाहणारा विद्यार्थी गोव्यातल्या एका गावाचं नाव आडनावाच्या रूपानं आजही शिकतो.

पुढच्या वेळी 'संयोजी ऊतीचे कार्य लिहा' असा प्रश्न आला की 'अवयवांना जोडणे व आधार देणे' हे उत्तर जरूर लिहा, मार्क त्यालाच आहेत. लिहिताना मांडीवरची ती पांढरी पट्टी मात्र आठवा, म्हणजे उत्तर पाठ करावं लागणार नाही.

करून पाहा, विचार करा

१. टाचेमागची जाड दोरी बोटांत धरा आणि पाऊल वरखाली करा. काय जाणवतं? हा स्नायुरज्जू की अस्थिबंध? कारण सांगा.

२. सुतळीचे तीन तुकडे घ्या. एकदा नुसते शेजारी धरून ओढा, एकदा पीळ देऊन ओढा. फरक वहीत लिहा आणि कोलॅजेनच्या रचनेशी जोडा.

३. रक्त द्रव असूनही त्याला संयोजी ऊती का म्हणतात?

४. गर्भाशयमुख बांधायला बारीक धाग्यापेक्षा चपटी पट्टी बरी का? दाब आणि क्षेत्रफळ यांचा संबंध वापरून उत्तर द्या.

५. तुमच्या घरात दिवसभरात पाण्याचे किती हंडे भरले जातात आणि कोण भरतं, याची आठवडाभर नोंद ठेवा. नोंदवही घरातल्या सगळ्यांना दाखवा.